सुनेचे केस आणि तुझी फणी

आई,

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: वेणीफणीच्या बाबतीत माझा हात तुझा हात नाही. प्रतिज्ञा आधी, हेतू म्हणजे कारण नंतर, उदाहरण त्याच्याही नंतर, आणि निगमन म्हणजे निष्कर्ष शेवटी, हा क्रम मी देवासच्या महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवताना निवृत्त होईपर्यंत विद्यार्थ्यांकडून पाळून घेतला. तुझ्याशी बोलताना तो मोडावा असे कारण दिसत नाही. तू गेलीस तेव्हाच्या तुझ्या वयापेक्षा माझे आजचे वय जास्त आहे, म्हणजे या वादात खरे तर मी वडीलधारी आणि तू धाकटी. तरीही कागदावर 'आई' लिहिले आणि मान आपोआप ताठ झाली, मागून कोणी वेणी धरावी तशी. दुपारची वेळ आहे. नातू झोपला आहे, सून कामावर गेली आहे, आणि खिडकीतून टेकडीच्या पायऱ्या चढणारी माणसे मुंग्यांएवढी दिसत आहेत. घाई कशाचीच नाही.

वादाचे निमित्त सुनेचे केस. तू तिला पाहिले नाहीस. ती पीपलरावां गावची, शेतकऱ्याच्या घरची. घरी माळवी बोलत आणि शाळेत हिंदी शिकत वाढली. मराठी तिला समजते, थोडेफार बोलता येते, पण वाचायचे झाले तर औषधाच्या बाटलीवरची अक्षरे लावावी तशी लावून वाचते. त्यामुळे हे पत्र टेबलावर उघडे राहिले तरी चिंता नाही. तिचे केस दाट आणि जात्याच कुरळे. लहानपणी गावात तिला 'झाड़ी' म्हणत. पहिल्या पगारातून तिने ते सरळ करून घेतले. त्यासाठी एक मलम असते, पार्लरमध्ये त्याला रिलॅक्सर म्हणतात. ते ज्या केसांना लागते ते कायमचे सरळ होतात, परंतु मुळाशी जे नवे उगवतात ते आपल्या जुन्या वळणानेच उगवतात. म्हणून दर काही महिन्यांनी फक्त त्या नव्या भागाला पुन्हा मलम लावावे लागते. त्याला टच-अप हे नाव. दिवस राहिले तेव्हा सुनेने ते थांबवले, आणि मूल अंगावर पिते आहे तोवर नकोच, असे डॉक्टरीणबाईंनीही बजावले. आता नातू अंगावरचे दूध सोडून वरणभात खातो, कपाटाला धरून उभा राहतो, आणि त्याच्या आईच्या डोक्यावर मुळाशी वीतभर कुरळे केस व त्यांच्याखाली सरळ, लोंबते केस, दोन माणसांचे वाटावेत अशी स्थिती झाली आहे. कुरळा भाग संपून सरळ भाग सुरू होतो त्या जोडावर केस सर्वांत कच्चा असतो. घाईने कंगवा ओढला की तिथेच तुटतो.

सोमवारी तिला कामावर रुजू व्हायचे होते. एका बँकेत ती काउंटरवर बसते, आणि बाळंतपणाची रजा बिनपगारी रजेने लांबवून ती पुष्कळ दिवस घरी होती. तिच्या मनात काय होते ते तिने मला एकदाच, ओट्यापाशी पोळ्या लाटताना सांगितले. "आई, डिलिव्हरीनंतर मूठ-मूठ बाल गिरे हैं. आरशात बघते तो कोई और ही औरत दिखती है. सोमवार को मुझे वही बनके जाना है जो गई थी. बस." एवढे बोलून तिने पोळी तव्यावर टाकली. मी युक्तिवाद केला नाही असे नाही. निसर्गाने दिलेली गोष्ट बदलण्यात एक प्रकारचे असत्य आहे, असे मी म्हणाले. ती वळूनही न पाहता म्हणाली, "निसर्ग ने तो आपको चश्मा भी नी दिया था, आई. उतारूँ?" उदाहरण चपखल होते. मी माघार घेतली.

अडचण तिच्या मनगटाची होती. मूल सतत उचलून उजव्या मनगटाची शीर धरली होती आणि तिथे पट्टा बांधलेला होता. कंगवा धरला की अंगठ्यापासून कोपरापर्यंत कळ जाई. पार्लरवालीने मात्र फोनवर स्पष्ट सांगितले होते, आणि फोन मोठ्या आवाजावर असल्याने मीही ते ऐकले: "दीदी, इतने महीने का गुत्था है, घर से सुलझा के लाना. चार हिस्से करके ढीली चोटियाँ डाल देना. पर धोना जो है, हफ्ता पहले. फिर सिर पे पानी नी, खुजली नी, नाखून नी. खोपड़ी छिली हुई हो तो मेरी दवाई आग लगाएगी." सुनेने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. तिची आई गावी, सोयाबीनच्या कापणीत गुंतलेली. माझा मुलगा पिथमपूरच्या कारखान्यातून दिवेलागणीला परततो, आणि त्याला स्वतःचा भांगही नीट पाडता येत नाही. "मी करते," मी म्हणाले. तिने विचारले, "आई, आपका हाथ... कॉलेजवाला तो नी है ना?" विद्यार्थ्यांमध्ये कडक म्हणून माझी कीर्ती होती हे तिला ठाऊक आहे, तिचा मोठा भाऊ माझ्या वर्गात होता.

तेव्हाच मी मनाशी ही प्रतिज्ञा केली. हेतू असा: मला तुझा हात ठाऊक होता, आणि ज्याला एखादी रीत पूर्णपणे ठाऊक आहे तो तिच्यापासून दूर राहू शकतो.

तुझा हात म्हणजे धार गावातल्या आपल्या घरचे स्वयंपाकघर. सकाळ आहे. तू पाटावर बसली आहेस, मी तुझ्या गुडघ्यांमध्ये, तोंड चुलीकडे. आमटीला फोडणी देऊन झाली आहे आणि तिच्या वासात खोबरेलाचा वास मिसळला आहे. तू फणी कपाळापासून घालतेस, वरून खाली, गुंता असो वा नसो. माझे डोके मागे जाते, तुझा डावा तळवा ते पुन्हा पुढे ढकलतो. मी हुंदका देते. "रडतेस कशाला? केस आहेत, हाडं नाहीत." मग वेणीच्या आधी भांग. फणीचा कोपरा कपाळाच्या मध्यावर टेकवून तू एका ओढीत तो मानेपर्यंत नेतेस, दाबून, जमिनीवर खिळ्याने रेघ ओढावी तसा. मग मान तिरकी करून, एक डोळा मिटून, सुताराने फळी पाहावी तशी पाहतेस. तीळभर फरक दिसला तर सगळे मोडून पुन्हा. आपल्या घरात मुलीचा भांग वाकडा असणे हे शेजारणींनी बोलण्याजोगे होते. का, ते मला कोणी सांगितले नाही, आणि मी विचारले नाही. माझ्या केसांना तू 'रान' म्हणायचीस. "आधी हे रान आवरू दे, मग काय ते बोल."

आणि शाळा. तू ज्या कन्याशाळेत शिकवायचीस त्याच शाळेत मी शिकले, आणि शाळेच्या आवारात तुला 'बाई' म्हणायचे हा तुझाच नियम. चौथीत असताना एका सकाळी मी तुझ्या हाताखाली न बसता स्वतःच वेणी घालून पुढे पळाले होते. प्रार्थनेला रांगा लागल्या. तू रांगेतून चालत आलीस, माझ्यामागे थांबलीस, आणि माझी रिबीन सोडलीस. सगळी शाळा उभी होती. तू पदराच्या गाठीतून फणी काढलीस, भांग पुन्हा पाडलास, वेणी घातलीस, आणि प्रार्थना सुरू करण्याची खूण केलीस. मी 'बाई' म्हणाले नाही आणि 'आई'ही म्हणाले नाही. पुढे एम.ए.ला असताना मी केस खांद्यापर्यंत कापले, तेव्हा तू फक्त म्हणालीस, "डोकं हलकं झालं असेल." ते खरेच झाले होते.

देवासची नोकरी लागली तेव्हा तू मला तीच फणी दिलीस. शिसवी, दोन्ही बाजूंनी दात, एका बाजूचे दोन तुटलेले. मी ती तुझ्यासमोर पेटीत ठेवली आणि नंतर कधी बाहेर काढली नाही. स्वतःसाठी मी रुंद दातांचा प्लॅस्टिकचा कंगवा विकत घेतला. हा तपशील मी हेतूच्या पुष्ट्यर्थ नोंदवते.

आता उदाहरण. मी सुनेचे केस कसे हाताळले ते सांगते, आणि तू मध्ये बोलू नकोस.

आठवडाभर आधी मी ते धुतले. शिकेकाई नाही, रिठा नाही. पार्लरवालीने सांगितलेला शाम्पू, कोमट पाणी, आणि नखे न लावता बोटांची पेरे. त्यानंतर केसांना बळ देणारा एक लेप. न्हाणीत ती पाटावर वाकून बसली होती, मी तांब्याने पाणी घालत होते, आणि पाणी निथळल्यावर मुळाजवळचे ते वीतभर कुरळे केस एकदम उसळून वर आले, जणू इतका वेळ श्वास कोंडून बसले होते. माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. मला धरमपुरीचा घाट आठवला. ही आठवण मी पुराव्यात घेणार नव्हते, कारण ती दोन्ही बाजूंनी बोलते. पण आता आली आहे तर सांगते. कुठल्याशा पर्वणीला तू मला नर्मदेवर घेऊन गेली होतीस. तुझे केस म्हणजे तेल चोपडून घट्ट बांधलेला अंबाडा, एवढेच मला माहीत होते. ते सुटे असतात हे मी पाहिले नव्हते. नदीत तू तीन बुड्या मारल्यास, तिसऱ्या बुडीला आकडे निसटले, आणि तू पायरीवर येऊन उभी राहिलीस तेव्हा वाऱ्याने तुझ्या डोक्याभोवती एक रान उभे राहिले. माझ्यासारखे. माझ्याहून दाट. नावेतली एक बाई कौतुकाने माळवीत काहीतरी म्हणाली. तू हसली नाहीस. "बघतेस काय? नदीकडे बघ," असे मला म्हणून तू ओले केस तसेच पिळून, दातात आकडे धरून, बांधून टाकलेस. नंतर मी पुष्कळदा विचार केला की रोज सकाळी त्या पाटावर तू नेमके कोणाचे केस आवरत होतीस. परंतु अनुमानाला एका उदाहरणाचा आधार पुरत नाही, म्हणून ते मी तिथेच सोडले होते.

धुण्यानंतर पाणी बंद. मग रोज दुपारी, नातू झोपला की, सून खुर्चीवर आणि मी मागे स्टुलावर. तुझ्यासारखी जमिनीवर नाही, गुडघ्यांमध्ये नाही. आधी फक्त बोटे. गाठ हाती लागली की तिच्या वरचा केस चिमटीत धरायचा, म्हणजे ओढ मुळाला जात नाही, आणि मग खालून वर, टोकापासून जोडापर्यंत, थोडे थोडे मोकळे करत यायचे. जोडावर आले की थांबायचे. तिथे रुंद दातांचा कंगवाही मी आडवा धरून नुसता टेकवत होते. एका बटेला कधी कधी आमच्या दोघींचा एक पूर्ण चहा जाई. ती बोलत राही: बँकेतली कोण, काउंटरवर नोटा थुंकी लावून मोजणारा कोणता म्हातारा, कोणत्या साहेबाच्या केसांच्या टोपाखाली काय आहे. एकदा तिच्या आईचा गावाहून फोन आला. "माथो खींचे तो बोलजे, बेटा. सास से डरजे मती," पलीकडून आवाज आला. सासूला घाबरू नकोस हा सल्ला देताना फोन कोणाच्या कानाजवळ आहे याची त्यांना कल्पना नव्हती. सून इतकी हसली की मला कंगवा बाजूला घ्यावा लागला. "नी खींचती, मम्मी. कसम से. तेरे से अच्छा करती हैं."

हे वाक्य मी जपून ठेवले. आणि त्याच्या जोडीला दुसरा पुरावाही होता. विंचरून झाले की कंगव्यातून जी गुंतवळ निघते ती तू बोटाभोवती गुंडाळून तिच्यावर थू-थू करून फेकायचीस. मी ती ओट्याच्या कडेला ठेवून पाहत असे. पहिल्या दिवशी ती लिंबाएवढी होती, मग आवळ्याएवढी, मग बोराएवढी, आणि शेवटच्या दुपारी तर करंगळीच्या नखाएवढे चार केस निघाले. जोडावर तुटलेला एकही केस त्यात नव्हता. मी चष्मा लावून तपासले होते. सुनेने तो एवढासा पुंजका तळहातावर घेतला आणि नातवाच्या नाकाला लावला. ती त्या दिवशी गाणे गुणगुणत होती. माझ्या दृष्टीने प्रतिज्ञा सिद्ध झाली होती.

उरले होते ते चार भाग. दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, तिला पार्लरला जायचे होते. कपाळापासून मानेपर्यंत एक रेघ, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत दुसरी, आणि चार सैल वेण्या, म्हणजे मोकळे केलेले केस रात्रीतून पुन्हा गुंतत नाहीत. रुंद दातांच्या कंगव्याने रेघ नीट पडत नव्हती. इतक्या दाट केसांत ती भरकटत होती, आणि मागून पाहताना मला ते बरे वाटेना. मी उठले, पेटी उघडली, आणि तुझी फणी काढून आणली. तिचा कोपरा अजून तसाच आहे. पहिली रेघ मानेजवळ डावीकडे झुकली. मी ती मोडली. दुसरी मधे तीळभर हलली. तीही मोडली. तिसऱ्या वेळी मात्र कपाळापासून मानेपर्यंत अशी रेघ आली की मी मान तिरकी करून, एक डोळा मिटून, ती पाहत राहिले. सून म्हणाली, "हो गया?" मी म्हणाले, "झालं. हलू नकोस." कानापासून कानापर्यंतची रेघ एका ओढीत आली. या सगळ्या दिवसांत मी केसांकडे इतके पाहिले होते की केसांच्या खाली माणसाचे कातडे असते हे माझ्या लक्षात राहिले नव्हते. तिने एकदा खांदे उचलले होते. मला वाटले, नातू जागा झाला म्हणून.

शनिवारी सकाळी ती आंघोळ करून आरशासमोर उभी राहिली. आपल्यात कपाळावर कुंकू लावले की झाले. तिच्या माहेरी भांगात सिंदूर भरतात, आणि लग्नानंतर तो तिने सोडला नाही, मीही सोडायला सांगितले नाही. मी मागे नातवाच्या तोंडाला खिमट लावत होते. तिने काडी बुडवली, कपाळाच्या मध्यावर टेकवली, आणि "स्स्स" करून हात मागे घेतला. "आई, ये जल क्यों रहा है?" मी चष्मा लावला. तिला खिडकीपाशी नेले, केस बाजूला केले. भांगाच्या रेघेवर पुढून मागपर्यंत लालसर ओरखडा होता, आणि पुढच्या बाजूला, जिथे मी तीनदा फणी टेकवली होती, तिथे साल निघाले होते. कानावरच्या रेघेचीही तीच गत. मी ओले कापड घेऊन सिंदूर टिपला. तिने पार्लरला फोन लावला आणि काय झाले ते सांगितले. पलीकडची बाई म्हणाली, "दीदी, सिंदूर से जल रहा है तो मेरी दवाई से क्या होगा, खुद ही सोच लो. सूखने दो. अगले के अगले शनिवार आ जाओ, सबसे पहला नंबर आपका."

फोन ठेवून ती पलंगाच्या कडेवर बसली. चार सैल वेण्या, त्यांच्यामध्ये ती दोन सरळ रेघांची फुली. "तो सोमवार को ऐसे ही जाऊँ?" ती म्हणाली. मी बोलू लागले. ओरखडा बारीक आहे, त्यावर व्हॅसलिनचा जाड थर दिला आणि मलम रेघेपासून अर्धे बोट दूर ठेवले तर धोका किती उरतो, याचा विचार करता येईल, असे काहीतरी मी मांडत होते, आणि मांडताना मला ऐकू येत होते की हा युक्तिवाद तिच्या डोक्यासाठी नसून माझ्या प्रतिज्ञेसाठी चालला आहे. तिने मान वर केली. डोळ्यांत पाणी होते. मी थांबले. मग ती त्याच पाण्यातून हसली, हाताचा आरसा मागे धरून तिने मोठ्या आरशात स्वतःचा भांग पाहिला, आणि म्हणाली, "पर मानना पड़ेगा. इतना सीधा तो स्केल से नी निकले. किस पे गया है ये हाथ, आई?"

"कुणावर नाही," मी म्हणाले. "माझाच आहे."

रविवारी मुलाने दोनदा विचारले, काय झाले. दोनदा आम्ही दोघींनी मिळून सांगितले की काही नाही. सोमवारी सकाळी ती खुर्चीवर येऊन बसली, मागे न पाहता कंगवा माझ्याकडे केला आणि म्हणाली, "जैसा है वैसा बाँध दो. बस, अब जलना नी चाहिए." मी कंगवाही बाजूला ठेवला आणि बोटांनीच केस दोन्हीकडे केले. भांग नदीसारखा वाकडा झाला. पुढचे कुरळे केस कपाळावर आले ते मी आवरले नाहीत, फक्त मागे एक सैल वेणी घातली. मग खोबरेलाच्या वाटीत तर्जनी बुडवून मी ओरखड्यावरून पुढून मागे फिरवली, सावकाश, कपाळापासून मानेपर्यंत.

बोट मानेशी पोहोचले आणि मी तिथेच थांबले. हे मला कोणी सांगितले नव्हते. धारच्या त्या स्वयंपाकघरात, रेघ ओढून झाल्यावर, एक डोळा मिटून पाहून झाल्यावर, वेणीला हात घालण्याआधी, तू रोज हेच करायचीस. तेलात बुडवलेले एक बोट, कपाळापासून मानेपर्यंत, त्याच रेघेवरून, इतके हलके की मी डोळे मिटून घ्यायचे. वर मी त्या सकाळची साक्ष देताना फणीचा कोपरा सांगितला, तुझा तळवा सांगितला, तुझे वाक्य शब्दशः सांगितले. इथपर्यंत लिहून मागे वाचले तेव्हा दिसले की बोट सांगितलेले नाही. प्रार्थनेच्या रांगेतही, सगळ्या शाळेसमोर, तू तुझ्या पदराच्या टोकाने ती रेघ पुसली होतीस. तेव्हा तेल नव्हते.

"ठंडा लगा," सून म्हणाली. "ये शुक्रवार को क्यों नी किया?"

संध्याकाळी ती परतली तेव्हा मी दारातच होते. कोणी काही म्हणाले का, असे मी विचारले नाही. तिनेच पर्स खुंटीला अडकवत सांगितले. "एक ने पूछा. बोली, यार, कर्लिंग कहाँ से करवाई? मैंने बोला, सास से." आणि नातवाला उचलून घेत, मनगटावर पट्टा असतानाही, म्हणाली, "पर शनिवार पक्का है, आई. उसको कॅन्सल नी करना. और इस बार भांग उंगली से. वो लकड़ीवाली निकाली तो मैं मम्मी को बुला लूँगी, कापणी झाली आहे त्यांची." तिला सरळ केस हवेत आणि ते तिला मिळतील. त्या दिवशी जी बाई रुजू झाली ती आधीचीच होती का, हे मी विचारले नाही. तिने त्या दिवशी आरशाकडे पाठ करून चहा घेतला, आणि मग समोर बसून दुसरा घेतला, एवढे मी पाहिले.

फणी मी पेटीत परत ठेवलेली नाही. ती ओट्याच्या वरच्या फळीवर, खोबरेलाच्या वाटीशेजारी आहे. केसांना लागणार नाही. निगमनाची जागा आली आहे आणि माझ्यापाशी निगमन नाही. हे पत्र पाठवायला पत्ता नाही. धारच्या त्या घरात आता दुसरी माणसे राहतात आणि त्यांना आपल्या भांडणाशी कर्तव्य नाही. सुनेने वाचायचे ठरवले तर अक्षरे लावून लावून इथपर्यंत पोहोचायला तिला महिना लागेल. तोपर्यंत एवढे नोंदवून ठेवते.

'किस पे गया है ये हाथ' या प्रश्नाला मी 'कुणावर नाही' असे उत्तर दिले. ते उत्तर चुकीचे होते. तिला ते अजून सांगितलेले नाही.

तुझी थोरली